वेळेआधीचा पाहुणा

“बंद कर ते,” खर्ज्या म्हणाला. “हा मी नाही.”

वकिलाला, म्हणजे खर्ज्याच्या मुलाला, वाटलं, बाबांचं नेहमीचंच. बँडचं नवं रेकॉर्डिंग घरी पहिल्यांदा लावलं की ते स्वतःच्या वाजवण्याला नावं ठेवायला सुरुवात करत. हा मी नाही, हा कुणीतरी दोरखंड ओढणारा हमाल आहे, असलं काहीतरी. म्हणून तो नुसता हसला आणि आवाज उलट थोडा वाढवला. खर्ज्याच्या थोरल्या भावाने, दादाने, मात्र त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला कप सोफ्याच्या सांगाड्यावर ठेवला. खर्ज्या पांढराफटक पडला होता.

“बंद कर म्हणतोय ना मी.”

मग वकिलाने बंद केलं. दादाच्या कारखान्यात आवाज बंद झाला की पुरता बंद होतो. तिथे सोफे आणि खुर्च्या बनतात. भिंतीला फोमच्या लाद्या टेकवलेल्या, कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे, माळ्यावर काथ्या, त्यामुळे आवाज कुठे आदळून परत येतच नाही. म्हणून तर गेली तीस वर्षं प्रत्येक नवं रेकॉर्डिंग या घरातली माणसं रविवारी सकाळी इथे बसून ऐकत आलीत. पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा हा कारखाना दादा-खर्ज्याच्या वडिलांचा होता आणि त्यांनी ती घरात लावू दिली नव्हती. दोघा भावांनी किल्ली ढापली आणि इथे येऊन लावली. म्हातारा मागोमाग आलाच. दारात उभा राहून त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “सगळे गप्प असताना मधेच एकटा घुसलाय तो कोण?” मुलाच्या वाजवण्याबद्दल तो आयुष्यात बोलला ते एवढंच. त्यानंतर मेला तरी अवाक्षर काढलं नाही त्याने.

तर तो मधेच घुसलेला. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या बँडचं सगळ्यांत गाजलेलं गाणं म्हणजे ‘उलटा जिना’. त्यात दुसरं कडवं संपलं की सगळी वाद्यं एकदम थांबतात. चार मात्रा काहीच नाही, आणि मग सगळे एकत्र पुन्हा सुरू. रेकॉर्डिंगच्या दिवशी सव्वीस वर्षांचा खर्ज्या मोजायला चुकला आणि तिसऱ्या मात्रेलाच एकटा आत शिरला. बेस गिटारचा एकच जाडजूड स्वर, भर शांततेत. गायकाचा घसा बसलेला, स्टुडिओची वेळ संपत आलेली, परत कोण वाजवतंय? तसंच राहू दिलं, आणि लोकांनी नेमकं तेच डोक्यावर घेतलं. अजूनही मैदानात हजारो माणसं त्या एका स्वरासाठी श्वास धरून उभी राहतात आणि तो आला की कान किटेपर्यंत ओरडतात. दादाने त्याचं नाव पाहुणा ठेवलं. रात्रीच्या जेवणाला बोलावलं तर दुपारीच येऊन सोफ्यावर पसरणारा असतो ना, तसा. मग घरात कुणीही लवकर पोचलं की पाहुणा आला म्हणायची रीत पडली. वकील स्वतः वेळेआधी जन्मला, तेव्हा खर्ज्याने दवाखान्यातल्या नर्सलाही तेच ऐकवलं होतं. तिला काय कळणार, कपाळ.

“आत्ता पाहुणा वाजला की नाही?” खर्ज्याने विचारलं.

वाजला की, दादा म्हणाला. झकास वाजला. वकिलानेही मान हलवली. आई म्हणजे खर्ज्याची बायको, ती अर्धवट विणलेल्या वेताच्या खुर्चीत बसली होती. तिने मान हलवली नाही.

“मी तो वाजवत नाही,” खर्ज्या म्हणाला. “वर्ष होत आलं. मी त्या जागी गप्प असतो.”

वकील हुशार माणूस. कोर्टात समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यातली मेख ओळखतो. इथे मात्र त्याचं डोकंच चालेना. त्याने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. झालं होतं असं, की मागच्या महिन्यातल्या मोठ्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बँड विकायला काढणार होता. असं काही काढण्याआधी साऊंडवाला प्रत्येक वादकाला त्याचा एकट्याचा आवाज वेगळा करून पाठवतो, म्हणजे ज्याने त्याने आपापलं ऐकून होकार द्यायचा. खर्ज्याला असल्या गोष्टी उघडता येत नाहीत, त्यामुळे त्याचं सगळं वकिलाकडे येतं. या वेळी एकाऐवजी दोन फायली आल्या होत्या, बेस एक आणि बेस दोन. दोन म्हणजे सुधारलेली असणार, असं धरून वकिलाने दुसरी लावली होती.

साऊंडवाल्याचा घोटाळा असेल, तो म्हणाला. जुन्या कार्यक्रमातला तुकडा चिकटवला असेल.

खर्ज्याने नुसतं डोकं हलवलं. तो एका उसवलेल्या आरामखुर्चीत बसला होता, खाली नुसत्या स्प्रिंगा, आणि त्याच्या हलण्यासरशी त्या करकरत होत्या. वाजवणारा हात आपला नाही, हे त्याला पहिल्या कडव्यातच जाणवलं होतं. इतकं स्वच्छ त्याला हल्ली येत नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन वर्षांपासून झोपल्यासारखी असायची. कप सुटला की तो कपाच्या कानाला शिव्या द्यायचा. तरी पहिली दोन कडवी तो स्वतःची समजूत घालत बसला होता, की स्टेजवर आपण वाटतं त्यापेक्षा बरे वाजवतो. त्या समजुतीवर तो खूशही झाला होता, बिचारा. मग पाहुणा आला आणि खुर्चीतल्या खुर्चीत त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

कारण पाहुणा सोडून दिला हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तीस वर्षं तारांशी झटापट करून लोकांनी त्याला ओळखावं ते एका चुकीमुळे, हे त्याला कधी पचलंच नव्हतं. दर कार्यक्रमात मुद्दाम चूक करायची आणि वर हसायचं. गेल्या वर्षी एका गावी, का कोण जाणे, त्या जागी आला आणि त्याने बोट उचलून घेतलं. कानातल्या इअरफोनमध्ये स्वतःच्या गिटारचा आवाज येतो, तिथे काहीच वाजलं नाही. छातीत मात्र काहीतरी धडधडलं, त्याला वाटलं ड्रमरने सांभाळून घेत मोठा ड्रम ठोकला. आणि लोक नेहमीसारखेच ओरडले. ते बघून त्याला इतकं हलकं वाटलं की काही विचारू नका! लोक सवयीने ओरडतात, पाहुणा आला काय आणि न आला काय. त्या रात्रीपासून प्रत्येक कार्यक्रमात त्या चार मात्रा तो नुसता उभा राहायचा, आणि ती सबंध रात्रीतली त्याची सगळ्यांत आवडती जागा झाली होती.

“मग ओरडत होते ते कशाला?” तो कुणाला उद्देशून न बोलता म्हणाला.

ताई दारात उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. खर्ज्याची ही थोरली लेक त्याच बँडबरोबर फिरते, वाद्यांची देखभाल तिच्याकडे असते. तारा बदलायच्या, सूर लावायचे, स्टेजवर ऐन वेळी गिटार हातात द्यायची. आज ती नव्या तारा आणायला गेली होती आणि मग सरळ इकडेच आली होती. बाहेर फुटपाथवर तिला आपलं वाजवणं ऐकू आलं, आणि एक पाय आत, एक बाहेर अशी ती तिथेच थिजली. साऊंडवाल्याला तिने बजावून सांगितलं होतं, बेस दोन कुणाला पाठवायची नाही. त्याने कुणा मदतनिसावर सोपवलं असणार. आता त्याला फाडून खाल्लं तरी काही उपयोग नव्हता.

आईने तिला पाहिलं आणि डोळ्यांनी खुणावलं, जा. तिला वाटलं अजून सावरता येईल, साऊंडवाल्याच्या माथी मारून मोकळं होता येईल. पण ताईने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

“मी वाजवलंय, बाबा,” ती म्हणाली.

आधी कुणाला अर्थच लागला नाही. कुठे वाजवलंस, दादाने विचारलं, अगदी साधेपणाने, जसं काही ती दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाबद्दल बोलत होती. मग तिने सांगितलं, आणि ते सांगताना ती बापाकडे न बघता त्या उघड्या स्प्रिंगांकडे बघत राहिली. स्टेजच्या डाव्या अंगाला, स्पीकरच्या मागे, जिथे जादा गिटारी लावलेल्या असतात तिथे ती बसते. कानात बाबांची लाइन, म्हणजे त्यांच्या गिटारचा आवाज, आणि हातात दुसरी बेस. बाबांची लाइन फक्त बाबांच्या कानात आणि तिच्या कानात. बाहेर लोकांना ऐकू जाते ती तिची. वर्षाहून जास्त झालं.

“म्हणजे माझा आवाज बंद असतो,” खर्ज्या म्हणाला.

“बाहेर बंद असतो.”

“सगळ्यांना माहीत आहे?”

बँडमधल्या सगळ्यांना, ती म्हणाली.

वकील ताडकन उठला. त्याच्या तोंडून आधी नुसते तुकडे बाहेर पडले. फसवणूक आहे ही, माणसाला इतकी वर्षं राबवून घ्यायचं आणि मग त्याचा आवाज चोरून बंद करायचा, एकेकाला कोर्टात उभा करतो की नाही बघा. मग त्याची गाडी बहिणीवर आली. तू त्यांना सामील झालीस, घरातला माणूस घरातल्याच माणसाला असं मूर्ख बनवतो का, आईला कळलं तर तिला काय वाटेल याचा तरी... आणि इथे तो थांबला, कारण आई शांत बसली होती. फारच शांत.

“आई, तुला माहीत होतं?”

आईचं चष्म्याचं दुकान आहे. सबंध दिवस ती माणसांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते. ज्यांना दिसत नाही ती माणसं अंदाजाने अक्षरं ठोकून देतात, आणि असा अंदाज ती आवाजावरून ओळखते. घरातही तिने ओळखलं होतं. रियाझाच्या खोलीतून येणारे सूर नवरा अंदाजाने लावतोय हे तिला ताईच्याही आधी कळलं होतं. दुकानात ती न कचरता सांगते, साहेब, तुमचा नंबर वाढलाय. घरात तिची छाती झाली नाही.

“मीच तिला म्हटलं, सांभाळून घे,” आई म्हणाली.

खर्ज्याने बायकोकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं तिच्याकडे त्याने कधी पाहिलं नव्हतं, रस्त्यात पत्ता विचारणाऱ्या परक्या बाईकडे पाहावं तसं. तिला ते लागलं. ती घाईघाईने बोलायला लागली, की बँड तुला काढणार होता, कुणी पोरगा बघूनही ठेवला होता त्यांनी, तालमीत तू चहा प्यायला बाहेर गेलास तेव्हा ठरलंदेखील. ही तिथे गिटार पुसत होती, तिने ऐकलं. हिने त्यांना गळ घातली, मी मागून वाजवते, तुमचं गाणं बिघडणार नाही, बाबांना उभं राहू द्या. आम्ही काय करायला हवं होतं? तुला येऊन सांगायला हवं होतं, की तुला आता जमत नाही?

“हो,” खर्ज्या म्हणाला.

वकिलाला आता दादाचा आधार हवा होता. काका, तुम्ही बोला ना काहीतरी, तो म्हणाला. घरात मोठे तुम्ही. दादा मोठा खरा, पण त्या क्षणी त्याला खुर्चीखाली लपायला जागा मिळाली असती तर तो लपला असता. मागच्या महिन्यात खर्ज्या इथे मदतीला आला होता आणि खुर्चीला कापड ठोकताना त्याच्या डाव्या हातातून कापड तीनदा सुटलं होतं. दादाने काही न बोलता ते टोक स्वतः धरलं होतं. नंतर चार दिवस जीव खाल्ला होता त्या गोष्टीने. हे त्याने आता पुटपुटत सांगून टाकलं.

“म्हणजे मला एकट्यालाच काही माहीत नव्हतं,” वकील म्हणाला. “मी या घरात भाडेकरू आहे का?”

दुसरा कुठलाही रविवार असता तर यावर सगळे हसले असते. वकील धपकन फोमच्या लादीवर बसला. बसता बसता त्याच्या डोक्यात वेगळाच दिवा पेटला. सहा-आठ महिन्यांपूर्वी ताईने त्याला फोनवर सांगितलं होतं, की एका नव्या बँडने तिला बोलावलंय, पुढे उभं राहून वाजवायला, आणि तिने नाही म्हटलं. त्याने तिला यथेच्छ वेड्यात काढलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा बदलत बस म्हणाला होता. ती तेव्हा नुसती हं हं करत राहिली. आता त्याचा राग एकदम ओसरला आणि त्याला बहिणीकडे बघवेना.

“तिला तो दुसरा बँड बोलवत होता,” तो बापाला म्हणाला. “ती गेली नाही.”

मधे पडू नकोस, ताई त्याच्यावर खेकसली. तो विषय नाहीये.

खर्ज्या मात्र हे सगळं ऐकतच नव्हता. हात, बँड, चहाच्या वेळी झालेला तो विश्वासघात, या सगळ्याचं दुःख त्याला नंतर होणार होतं, आणि भरपूर होणार होतं. आत्ता त्याचं मन एकाच जागी अडकलं होतं. येत्या शनिवारी मैदानात यंदाचा शेवटचा मोठा कार्यक्रम होता, आणि कालपर्यंत तो मनातल्या मनात त्या चार मात्रांसाठी दिवस ढकलत होता.

“इतर सगळं ठीक आहे,” तो म्हणाला. “ठीक नाहीये, पण ते राहू दे. पाहुणा का वाजवलास?”

ताईला प्रश्नच कळला नाही. म्हणजे काय, ती म्हणाली. त्या रात्री तो आला नाही म्हणून. तुमचं बोट पडलं नाही असं वाटलं मला. लोक वाट बघत होते, मी पटकन घेतला. दुसऱ्या कार्यक्रमात परत तेच झालं. मग मी तयारीतच राहायला लागले.

“तुला वाटलं, मला जमलं नाही.”

“हो.”

“मी सोडला होता तो. मुद्दाम. वर्षभर मुद्दाम सोडतोय मी तो.”

ताईचं तोंड उघडंच राहिलं. इतका वेळ धक्के देणारी ती होती, आता तिची पाळी आली. वर्षभर ती त्या माणसाच्या बोटांचा प्रत्येक आवाज कानात घेऊन बसली होती. कुठे स्वर अर्धवट मरतो, कुठे तार नुसती खरखरते, सगळं तिला पाठ होतं. आणि त्या एका जागी तिने एकदाही विचार केला नव्हता, की हा माणूस इथे काही ठरवून करत असेल. इतकी तिला त्याच्या चुकांची सवय झाली होती.

“दुसरी लाव,” खर्ज्या वकिलाला म्हणाला. “माझी.”

नको, आई म्हणाली. तिने ती ऐकली नव्हती, तरी तिला ठाऊक होतं त्यात काय असेल. वकिलाचा हात यंत्रावर घुटमळला. त्याने काकांकडे पाहिलं. ज्या दादाने तोंड शिवून घेतलं होतं, तोच आता म्हणाला, लाव. त्याची आहे ती. त्याला ऐकायची असेल तर ऐकू दे.

मग त्यांनी ऐकली. ते ऐकताना कुणाची कुणाकडे बघायची हिंमत झाली नाही. वर बाकीची वाद्यं असती तर खपून गेलं असतं, पण इथे नुसती एकट्याची बेस, आणि तीही या खोलीत, जिथे काहीच लपत नाही. पहिल्याच कडव्यात स्वर लंगडत होते. काही पुरते उमटायच्या आत मरत होते, काहींच्या जागी नुसता थप्प असा आवाज येत होता. मधे एकदा तो चक्क दुसऱ्याच पट्टीवर गेला आणि धडपडत परत आला. खर्ज्या दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होता. आपलं उतरलंय हे त्याला माहीत होतं, पण इतकं? मैदानातल्या त्या सगळ्या लोकांसमोर, इतकं? त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आईने डोळे मिटून घेतले होते. दादाला वाटत होतं, उठावं आणि ते यंत्र उचलून रस्त्यावर फेकून द्यावं. दुसरं कडवं संपता संपेना.

मग ते संपलं आणि सगळं थांबलं.

एक मात्रा. दोन. तिसरीच्या जागी एक बारीक आवाज आला, च्यक् असा, तारेवरून बोट वर निघाल्याचा. बाकी काही नाही. शांतता स्वच्छ चौथ्या मात्रेपर्यंत गेली.

“हे,” खर्ज्या म्हणाला, “हे मी वाजवलंय.”

वकिलाने गाणं तिथेच थांबवलं. ताई खाली, काथ्याच्या धुळीत, बसली होती. बोट जिथे पडत नाही तिथे थप्प होतं. हा थप्प नव्हता, हे बोट उचललेलं होतं. कुठल्याही शिकाऊ पोराला कळेल इतका सरळ फरक, आणि तिने तो वर्षभर कानाआड केला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिने पुसलंही नाही. माझं चुकलं, ती म्हणाली. बाबा, मला खरंच कळलं नाही.

खर्ज्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, शनिवारी मी वाजवत नाही. तू पुढे ये. बँडला मी सांगतो. आणि त्यांना आणखी जे काही सांगायचंय ते मी सांगतो, तुम्ही कुणी मधे पडू नका, तू तर नाहीच नाही, हे वकिलाला. आई उठून त्याच्याजवळ आली, पण हात लावायचं धाडस न होऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पण खुर्ची थोडी बाजूला सरकवली, तिला उभं राहायला जागा व्हावी इतकी.

“एकच आहे,” तो ताईला म्हणाला. “तिथे थांबायचं. चारही मात्रा. पाहुणा बंद.”

ताईने नाक ओढलं. हो म्हणाली असती तर तिथेच सगळं सुखासुखी मिटलं असतं. आईनेही तिच्याकडे तशाच नजरेने पाहिलं, हो म्हणून टाक बाई.

“नाही,” ताई म्हणाली.

दादाने कपाळाला हात लावला.

“तो मी वाजवणार,” ती म्हणाली. “तुमची ती चूक होती, बाबा. माझी नाहीये. मी लहान असताना इथेच गठ्ठ्यावर बसून ऐकायचे आणि त्या जागेची वाट बघायचे. सगळे घाबरून गप्प बसलेत आणि एकच जण आत आलाय, असं वाटायचं मला. म्हणून मी बेस हातात घेतली. तुम्हाला तो आवडत नाही हे मला आज कळतंय.”

तीस वर्षं ज्या स्वराची खर्ज्याला लाज वाटत आली, त्याच्यामुळे ही पोरगी या धंद्यात आली. हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला कधी विचारलं नव्हतं. त्याला वडील आठवले, त्याच दारात उभे असलेले. मधेच एकटा घुसलाय तो कोण. इतकी वर्षं त्याने तो टोमणा म्हणूनच ऐकला होता. म्हाताऱ्याला कदाचित खरंच जाणून घ्यायचं असेल, असं आज पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं. विचारायला आता म्हातारा नव्हता.

“दोन नंबर लाव,” तो वकिलाला म्हणाला. “त्या जागेपासून.”

वकिलाने लावलं. पुन्हा सगळं थांबलं. पहिली मात्रा, दुसरी, आणि मग तो आला, भरदार आणि खणखणीत. खर्ज्याने तो आजवर फक्त स्वतःच्या हातून ऐकला होता. समोर बसून, दुसऱ्या कुणाच्या हातून, आज पहिल्यांदा ऐकत होता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“परत,” तो म्हणाला. वकिलाने परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. तिसऱ्या वेळेला खर्ज्याच्या कपाळाला आठी पडली, तालमीत पडते तशी.

“उशिरा येतेयस,” तो म्हणाला.

“कुठे?”

“तिसरीवर यायचंय. तू तिच्या मागे पडतेयस. जराशी, पण पडतेयस. दारात घुटमळल्यासारखी.”

हे खरं होतं, आणि त्याचं कारण ताईला माहीत होतं. दर कार्यक्रमात त्या जागी ती बोट तारेवर ठेवून कानातल्या त्याच्या लाइनकडे लक्ष देत बसायची. कदाचित आज तो वाजवेल. तो वाजवत नाही अशी खात्री झाली की मगच तिचं बोट पडायचं.

“तुमची वाट बघायचे मी,” ती म्हणाली.

खर्ज्याने झोपलेली ती दोन बोटं दुसऱ्या हाताने चोळली. उठताना खुर्चीच्या सगळ्या स्प्रिंगा एकदम करकरल्या.

“आता नको बघूस,” तो म्हणाला. “सरळ आत ये.”